कोलंबीच्या डोक्यांवर पोसलेल्या नूडल्स: सिंगापूरच्या हॉकर सेंटरांतली खादाडी

पोफळीखाली

सिंगापूरला येऊन गेलेल्या मराठी माणसाला "काय काय खाल्लं?" विचारलं की उत्तरं ठरलेली. चिली क्रॅब, चिकन राइस, लिटल इंडियात बिर्याणी, फारच धाडसी असेल तर लाक्सा. 'होक्कियन मी' (यातलं मी म्हणजे नूडल्स) कुणीच सांगत नाही. त्यांचा दोष नाही म्हणा. ताटली समोर आली की शेजारच्या टेबलावरचं काहीतरी लालभडक मागवावंसं वाटतं. पिवळट-पांढऱ्या नूडल्सचा ओलसर ढीग, त्यात चार-पाच कोलंब्या, माकुलाचे काप, अंड्याचे तुकडे, कडेला चमचाभर सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी, आणि अर्धं कापलेलं इवलंसं लिंबू. रंग नाही, तर्री नाही, मसाल्याचा वास नाही.

तरीही हॉकर सेंटरात, म्हणजे एका छपराखाली मांडलेल्या खाण्याच्या गाड्यांत, एकच पदार्थ खायचा असेल तर हाच, असं माझं ठाम मत आहे. भांडायचं असेल त्यांनी प्रतिसादात यावं.

ताटलीतल्या कोलंब्या मोजत बसू नका. खरं काम मागच्या पातेल्यात झालेलं असतं. सोललेल्या कोलंब्यांची डोकी आणि टरफलं आधी तेलात खरपूस परततात. डोक्यातला केशरी ऐवज तेलात उतरला की पाणी, आणि सोबत डुकराची हाडं. काही जुने लोक सुक्या लेप्यासारखा एक चपटा मासाही टाकतात. तासन्‌तास उकळून तो स्टॉक तांबूस आणि दुधाळ होतो, बोटाला चिकटतो. बऱ्याच ठिकाणी वर घालायची कोलंबी, माकूल आणि मांसाचा तुकडाही याच पातेल्यात उकडून काढतात, म्हणजे त्यांचाही रस आतच राहतो.

कढईवरचं काम मात्र पुढे उभं राहून बघा. चरबी, लसूण, अंडी, आणि त्यावर दोन जातींच्या नूडल्स एकदम. गव्हाच्या पिवळ्या आणि तांदळाच्या पांढऱ्या, म्हणजे बी हून. पिवळ्यांत आपल्या पापडखाराच्या जातीचा क्षार असतो. रंग त्यानेच येतो, चावताना लागणारा ताठरपणाही त्याचाच. मोठ्या आचेवर हे सगळं जागोजागी करपेपर्यंत परततात. मग डावाने स्टॉक ओततात, वाफेचा लोट उठतो, वर झाकण. इथून पुढे नूडल्स परतल्या जात नाहीत, शिजतात. बी हून रस पिऊन फुगते, पिवळ्या तेवढा पीत नाहीत, म्हणून दोन्ही लागतात. झाकण काढलं की कोलंबी, माकूल, डुकराच्या पोटाकडच्या मांसाच्या पट्ट्या, मुगाचे लांब मोड, चिनी पात, आणि पुन्हा एक डाव स्टॉक. नूडल्सचा स्टार्च आणि अंडं यांनी उरलेला रस दाटतो.

किती दाटू द्यायचा यावर इथे दोन तट आहेत. काही गाडे पार सुकवतात, त्यात करपल्याची चव जास्त. काही ताटलीत रस सोडतात. आमच्या घरात नवरा कोरड्याच्या बाजूचा, मी रसाच्या. बारा वर्षं झाली लग्नाला, तह नाही.

पदार्थाचा जन्म सिंगापुरातलाच. दुसऱ्या महायुद्धानंतर रोचोर रोडच्या आसपास नूडल्सच्या कारखान्यांत काम करणारे होक्कियन लोक, म्हणजे चीनच्या फुज्यान प्रांतातून आलेले, उरलेल्या नूडल्स रात्री कोळशाच्या शेगडीवर परतून विकायचे, अशी इथे सांगितली जाणारी गोष्ट. जुनी मंडळी अजून याला रोचोर मी म्हणतात.

खायची रीत: पहिले दोन घास नुसते. मग लिंबू पिळायचं, सगळं. हे कस्तुरी लिंबू, सालीला संत्र्याचा वास असतो, आणि चरबीचा जडपणा तेच कापतं. सांबाल कालवायचं नाही, घासाला टेकवत जायचं.

आणि पार्सल. काही गाडे अजूनही सुपारीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद बुंध्यात, बांधून देतात, इथे ओपे म्हणतात. गरम नूडल्सनी विरी तापते आणि तिचा ओलसर लाकडी वास आत उतरतो. मी श्रीवर्धनची. आमच्याकडे वाडीत विऱ्यांचा खच पडलेला असतो आणि त्यात नूडल्स बांधाव्यात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

किंमत साधारण ५ ते ८ सिंगापूर डॉलर. मोठ्या कोलंब्या हव्यात तर जास्त.

सुरमईवाला

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! पण फोटो नाहीत, सबब धागा फाऊल.

माझा अनुभव सांगतो. कामासाठी गेलो होतो, ऑफिसातल्या स्थानिक सहकाऱ्याने हेच खायला घातलं. पहिल्या घासाला वाटलं, आजाऱ्याचं जेवण आहे का हे? त्याने न विचारता माझ्या ताटलीत लिंबू पिळलं. त्यानंतर मी बोललोच नाही. ताटली संपल्यावर खाली उरलेला रस चमच्याने खरवडताना त्याने दुसरी मागवू का विचारलं. मानेनेच हो म्हणालो.

शेजवानसम्राट

माफ करा, पण मला हे फिक्कंच वाटलं. आमच्या डोंबिवलीच्या चायनीजच्या गाडीवर नूडल्स कशा लालेलाल, वर शेव, बाजूला चटणीची वाटी. पैसे वसूल.

पोफळीखाली

@शेजवानसम्राट, गाडीवरचं मलाही आवडतं, त्यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. तिथे चव बाटलीतून येते आणि पाच मिनिटांत येते. इथे ती पहाटेपासून उकळत असते. तिखट हवं तर अजून सांबाल मागा, देतात. सुक्या कोलंबीचं किंवा बलाचानचं, म्हणजे आंबवलेल्या कोलंबीच्या लगद्याचं, असेल तर तुम्हाला घरच्या सोड्यांच्या चटणीची आठवण नक्की येईल.

क्लांग_नदीकाठी

भांडायला बोलावलंत, आलो.

क्वालालंपुरात याच नावाने जे मिळतं ते खाल्लं आहे का? जाड पिवळ्या नूडल्स, काळा सोया सॉस, कोळशाची आच, आणि वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे मूठभर. काळीकुट्ट ताटली. तिथे लाजतबिजत कुणी लिंबू पिळत नाही. पेटालिंग स्ट्रीटवरचा किम लियान की हा गाडा १९२७ पासूनचा, म्हणजे तुमच्या रोचोरच्या गोष्टीच्या आधीचा. सिंगापूरचं खाल्लं की मला वाटतं कुणीतरी सॉस घालायला विसरलं.

आणि मलेशियातल्याच पिनांगला जाऊन होक्कियन मी मागवलंत तर समोर रस्सा येईल. कोलंबीच्या डोक्यांचाच, पण लाल आणि झणझणीत, वर कांगकुंगची भाजी आणि उकडलेलं अंडं. सिंगापुरात तेच प्रॉन मी म्हणून मिळतं. तेव्हा नवख्यांनी गाव बघून मागवावं.

पोफळीखाली

क्लांगकर, काळी ताटली खाल्ली आहे, पेटालिंग स्ट्रीटलाच. चरबीच्या तुकड्यांना शंभर मार्क. पण सॉस इतका की खाली कोलंबी आहे की सुकट, कळायला मार्ग नाही. पिनांगच्या रश्शाबद्दल मात्र एक शब्द बोलणार नाही. तो मी पातेल्याला तोंड लावून पिईन.

चकलीचा_सोऱ्या

आमच्यासारख्या शाकाहारी लोकांनी हा धागा वाचून फक्त जळायचं का? पुढच्या महिन्यात सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार आहे. दोघंही कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात खात नाहीत. हॉकर सेंटरात त्यांना काही मिळेल, की लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरला डोसे खाऊन परत?

बेडोकची_आजी

सोऱ्या, मुलाकडे येऊन-जाऊन असते म्हणून सांगते. बऱ्याच सेंटरांत चिनी बौद्धांचा शाकाहारी गाडा असतो. ते धर्म म्हणून पाळतात, त्यामुळे मांस-मासे तर नाहीतच, पण पुष्कळदा कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास आरामात निभेल. तिथे परतलेली बी हून आणि दोन-तीन भाज्या घ्यायच्या. बदक किंवा मटण दिसलं तर सासूबाईंना घाबरू नका म्हणावं, ते सोयाचं आणि गव्हातल्या ग्लूटेनचं असतं. मला ते नक्कल मांस आवडत नाही, पण यांना भारी कौतुक.

साध्या गाड्यावर जाऊन "नो मीट" म्हणू नका. ते वरचे तुकडे काढून देतील, पण चरबी, ऑयस्टर सॉस, सांबालातली सुकी कोलंबी तशीच. कॅरट केक नावाला भुलू नका, त्यात गाजर नसतं. मुळा आणि तांदळाच्या पिठाच्या वड्या अंड्यात परततात, आणि चरबीही असू शकते.

गोडात पुतु मायम शोधा. आपले शिरवाळेच ते, नारळाच्या रसाऐवजी खवलेला नारळ आणि साखर. माझ्या सुनेने पहिल्यांदा आणले तेव्हा मी घरून दूध-गूळ काढून त्यात बुडवून खाल्ले.

चकलीचा_सोऱ्या

आजी, वाचनखूण साठवली. _/\_

दादर_पश्चिम

खादाडीच्या धाग्यात राजकारण आणतोय, संपादकांनी सांभाळून घ्यावं.

ही सेंटरं आभाळातून पडली नाहीत. सिंगापुरातही पूर्वी सगळं रस्त्यावरच होतं, गटारांवर उकिरडा आणि पोलिसांची धाड. १९६८-६९ मध्ये तिथल्या सरकारने बेटभर फेरीवाल्यांची नोंदणी केली, सुमारे १८,००० लोक निघाले. मग सेंटरं बांधत गेले, प्रत्येक गाड्याला नळ, सांडपाण्याची वाट, वीज. १९८६ पर्यंत बहुतेक सगळे रस्त्यावरून आत आले. १९९७ पासून गाड्यांना स्वच्छतेच्या श्रेणी. आणि १६ डिसेंबर २०२० ला युनेस्कोने ही हॉकर संस्कृती मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

आपल्याकडे पथविक्रेता कायदा २०१४ चा. नगर पथविक्रेता समिती, सर्वेक्षण, प्रमाणपत्र, प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद, सगळं कागदावर आहे. आणि आमच्या स्टेशनबाहेरचा वडापाववाला अजून पालिकेची गाडी आली की गॅसची शेगडी उचलून पळतो. त्याच्याकडून मी कुठल्या तोंडाने नळाच्या पाण्याची अपेक्षा करू?

मिरचीचा_ठेचा

दादरकर, मान्य, पण एकाच जागी कोंबलं की रस्त्याची गंमत गेली. खाऊगल्ली गल्लीतच हवी.

दादर_पश्चिम

गंमत खाणाऱ्याची असते हो. उन्हात उभं राहून, हप्ता देऊन, भांडी एकाच बादलीत विसळणाऱ्याला कुणी गंमत वाटते का विचारलंय?

बेडोकची_आजी

दोघांचं ऐकलं, आता माझं ऐका. नळ आला, छप्पर आलं, पण गाड्यामागे उभं राहणारे म्हातारे होत चाललेत. हॉकर मंडळींचं वय साठीच्या घरात गेलंय. पोरं शिकली, ऑफिसात गेली. पहाटे उठून हाडं उकळायची, दहा-बारा तास कढईसमोर उभं राहायचं, आणि गिऱ्हाईकाने अर्धा डॉलर वाढला म्हणून तोंड वाकडं करायचं. पंधरा डॉलरची कॉफी हीच माणसं गुपचूप पितात. आमच्या खालच्या सेंटरात एक अंकल होते, एकेक ताटली वेगळी परतायचे, अर्धा तास रांग. मनगट गेलं आणि त्यांनी गाडा बंद केला. त्या जागी आता दुसरं कोणीतरी आहे, स्टॉक पातळ आहे.

सुरमईवाला

आजी, पंधरा डॉलरच्या कॉफीवरून आठवलं, तिथली कॉफी मागवायची कशी हे सांगा. मी नुसतं "कॉफी" म्हणालो आणि कंडेन्स्ड दुधाचं सरबत मिळालं.

क्लांग_नदीकाठी

कोपी म्हणजे कंडेन्स्ड दुधाची. कोपी-ओ बिनदुधाची, साखर घातलेली. कोपी-सी इव्हॅपोरेटेड दूध आणि साखर. मागे कोसोंग लावलं की साखर नाही, सिउ दाय म्हटलं की कमी. चहालाही हेच नियम, कोपीच्या जागी 'तेह' म्हणायचं. पेयांचा गाडा वेगळा असतो, नूडल्सवाल्याकडे मागू नका, तो कढईआडून बघतो.

ओलं_खोबरं

मूळ विषयावर येऊ का? हे मी पुण्यात घरी करते, डुकराचं न वापरता. जमतं.

डोक्यासकट कोलंबी अर्धा किलो. कोळणीला सांगा, साफ करून डोकी वेगळ्या पिशवीत द्या. चकित होऊन बघते, पण देते. दर वेळी कोलंबी आणली की डोकी-टरफलं फ्रीझरमध्ये टाकत जा, जितकी जास्त तितका स्टॉक जोरदार.

कोंबडीची कातडी मंद आचेवर ठेवून चरबी काढून घ्यायची, ती डुकराच्या जागी. त्या चरबीत डोकी-टरफलं लाल होईपर्यंत परता, डावाने डोकी चेचा, मग कोंबडीची हाडं आधीच दोन-तीन तास उकळून ठेवलेलं पाणी त्यावर ओता. पुढे पाऊण तास पुरे. टरफलं फार उकळली तर माझ्या चवीला खडूसारखं लागतं. गाळताना दाबून गाळा.

पिवळ्या नूडल्स मिळत नाहीत. साध्या अंड्याच्या नूडल्स उकळताना पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा टाकायचा, बऱ्यापैकी ताठ होतात. बी हूनऐवजी तांदळाची पाकिटातली शेवई, ती फक्त गरम पाण्यात भिजवून.

गॅस घरगुती, म्हणून एका वेळी दोघांपुरतंच. चौघांचं एकदम घातलंत की कढई थंड पडते आणि उपमा होतो. आधी नूडल्स आणि अंडं करपवून घ्या, मग डाव-डाव स्टॉक, झाकण, दोन मिनिटं. कोलंबी शेवटी.

सांबालाला ब्याडगी, लसूण, शॅलटऐवजी लहान कांदे, आणि भिजवून वाटलेले सोडे, तेल सुटेपर्यंत परतून. कस्तुरी लिंबू नाही, मग साधं लिंबू आणि त्यात संत्र्याच्या सालीचा किंचित कीस.

पोफळीखाली

ओलं खोबरं ताई, संत्र्याच्या सालीची युक्ती फार आवडली. एकच सुचवते, शेवटी चमचाभर फिश सॉस घालून बघा, नसेल तर मीठच बरं. सोया सॉस नको, क्लांगकर खूश होतील.

मालवणी_माणूस

डोकी टाकतंत कित्याक हेच माका कळणा नाय. आमच्याकडे सुंगटाच्या डोक्याशिवाय कढी चढणा नाय. शहरात सोललेली, गोठवलेली पांढरी सुंगटा हाडतंत आणि मग म्हणतंत चव नाय. चव कचऱ्याच्या डब्यात घातलंस मरे!

चकलीचा_सोऱ्या

नवऱ्याने धागा वाचला. (तो खातो.) आता फ्रीझरमध्ये डोक्यांच्या पिशवीसाठी जागा मागतोय. मटारच्या कप्प्यात नाही, एवढं बजावलंय.

सात_तासांचा_थांबा

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर सात तासांचा थांबा आहे, सकाळी दहाला उतरतोय, व्हिसा आहे. एकदाच खायचं असेल तर कुठे जाऊ? आणि तिथे वागण्याचे काही नियम? उगाच कुणाची बोलणी नकोत.

पोफळीखाली

ओल्ड एअरपोर्ट रोड फूड सेंटर. चांगीहून टॅक्सीने वीसेक मिनिटं. नावातला जुना विमानतळ म्हणजे कलांगचा, १९३७ साली सुरू झालेला. तिथला नाम सिंग हा होक्कियन मीसाठी प्रसिद्ध. तो बंद असला तर शहराकडे तियोंग बाहरू मार्केटमध्ये हाँग हेंग. जायच्या आधी दोन गोष्टी बघा: सोमवारी पुष्कळ गाड्यांना सुट्टी असते, आणि दर काही महिन्यांनी अख्खं सेंटर सफाईसाठी बंद ठेवतात. दुपारी दोननंतर गेलात तर स्टॉक संपल्याची पाटी मिळू शकते, तेव्हा अकरापर्यंत पोचा.

टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा घेतलेली आहे, उचलून बसू नका. तुम्हीही तसंच ठेवा, आणि पाकीट जवळ बाळगाच, गाड्यावर टिश्यू देत नाहीत. सुटे पैसे ठेवा. टिप नसते. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरांत सक्तीच आहे. ट्रे ठेवायचा कप्पा हलालचा वेगळा आणि इतरांचा वेगळा असतो. होक्कियन मीची ताटली हलालच्या कप्प्यात ठेवू नका, हे मात्र खरंच सांभाळा.

एकटेच असाल तर लहान ताटली घ्या, पोटात जागा ठेवा. बाजूला उसाचा रस मिळतो, आपल्यासारखाच लिंबू पिळून.

सात_तासांचा_थांबा

धन्यवाद! कोरडी मागू की रसाची?

पोफळीखाली

तिथे मागायची सोय नाही, अंकल जशी देतील तशी खायची. रांगेत मागे गर्दी असते, प्रश्न विचारू नका, आकडा सांगा आणि पैसे पुढे करा.

शेजवानसम्राट

बरं, मीही जाऊन बघतो परत. पण शेव खिशात नेणार.